तुटक रेषेचा नकाशा

आमच्या गावाचा एक नकाशा जगात कुठेही बसून पाहता येतो. तो मी काढला. त्याच्या खाली माझं नाव आहे, आणि ते तिथून काढा असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. बाकीची नावं काढा, एवढंच म्हणत आले.

किन्हीराजाला उतरून जीपने आत गेलं की आमचं गाव लागतं. आमचं घर पूर्वेच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मी वाशिमला बीए झाल्यावर त्यांनी मला पुण्याला पाठवलं, कारण जपानी भाषा शिकलेल्यांना कंपन्या नोकरी देतात असं त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. मी जपानी शिकले, पण कंपनीत काही गेले नाही. जुनं जपानी वाचायचा नाद लागला, आणि त्या नादापायी पुढे युरोपातल्या एका विद्यापीठात संशोधनाला जागा मिळाली.

माझ्या मार्गदर्शक बाई साठीच्या पुढच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विभागाच्या लांब बोळातून फिरवलं. दोन्ही बाजूंना खोल्या. काही दारांवर पितळी पट्ट्या होत्या, काहींवर पट्टी काढल्याची नुसती चार भोकं. बाई एकेका दारापाशी थांबून सांगत गेल्या. इथे मध्ययुगीन कविता शिकवायचे, ते निवृत्त झाले, जागा भरली नाही. इथे बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक बसायचे, त्यांची जागा अर्थशास्त्राला दिली. इथे आता ॲनिमे आणि व्हिडिओ गेम शिकवतात, तो वर्ग मात्र भरलेला असतो.

"तू सामान हलवायला काढलेल्या घरात पाहुणी आलीस," त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण दार लावताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

तीन वर्षं त्यांच्याकडे मी जुनी लिपी शिकले. कुंचल्याने भराभर लिहिलेली, एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जाणारी लिपी, आजच्या जपानी माणसालाही न वाचता येणारी. माझं काम पश्चिम जपानातल्या एका परगण्याच्या गावनोंदींवर होतं. गावात किती घरं, घरात कोण कोण, कोणत्या देवळाशी बांधलेले. काही गावांच्या वह्या वेगळ्या असत, किंवा वहीच्या शेवटी एक वेगळं पान असे. त्या पानावरची माणसं मेलेली जनावरं ओढणारी, कातडं कमावणारी. पहिल्यांदा ते पान लागलं तेव्हा मी वाचून थांबले. बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आमच्याकडे हे पान वहीत नसतं, गावातच असतं."

त्या माणसांच्या वंशजांत आणि इतर जपान्यांत दिसण्या-बोलण्यात काही फरक नाही. फरक फक्त पत्त्याचा. म्हणून तिकडे जुने पत्ते ही जपून हाताळायची वस्तू असते. पूर्वी कुणीतरी अशा वस्त्यांच्या याद्या तयार करून चोरून विकल्या होत्या. नोकरी देणाऱ्यांनी आणि मुलगी देणाऱ्यांनी त्या घेतल्या होत्या. हे सगळं मला बाईंनीच शिकवलं.

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. माझी रवानगी एका तरुण प्राध्यापकाकडे झाली. त्यांना जुनी लिपी वाचता येत नव्हती आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. ती आता यंत्र वाचत होतं. यंत्राने वाचलेलं तपासायचं, आणि जुन्या नोंदीतलं प्रत्येक घर आजच्या नकाशावर बसवायचं, हे माझं काम. परदेशातल्या जपान-अभ्यासाला टिकायचं तर त्याने असंच व्हायला हवं, असं ते प्रत्येक बैठकीत सांगत. एकट्याने खोलीत बसून पोथी वाचण्याचे दिवस संपले. आता माहितीचे मोठे संच हवेत, नकाशे हवेत, आणि जपानची दुसऱ्या देशाशी तुलना हवी. नुसत्या जपानसाठी कुणी दार उघडत नाही.

ते वाईट माणूस नव्हते. मला हिवाळ्यात स्वतःची जुनी सायकल दिली होती.

नकाशा पहिल्यांदा भिंतीवर लावून दाखवला तेव्हा ऐकायला वीसेक माणसं होती. त्यांत ग्रंथालयात काम करणाऱ्या एक जपानी बाई होत्या, पन्नाशीच्या. कार्यक्रम संपल्यावर लोक कॉफीकडे गेले. त्या पडद्याजवळ गेल्या, बराच वेळ शोधत राहिल्या, आणि एका ठिपक्यापाशी बोट नेऊन त्यांनी ते मागे घेतलं. ठिपक्याला स्पर्श केला नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात जपानीत म्हणाल्या, "नकाशावर त्या वस्त्या दाखवणारी तेवढी एक पातळी बंद ठेवता येईल का? माझ्या मुलीचं लग्न ठरतंय."

मी प्राध्यापकांना सांगितलं. त्यांनी लगेच ती पातळी बंद केली. पुसली नाही, फक्त बंद केली. मला दोन्हीतला फरक कळत होता. मी त्या बाईंना सांगितलं, "झालं." त्या कमरेत वाकून, परत परत वाकून आभार मानत राहिल्या.

हे सगळं डोळ्यांसमोर घडूनही मी पुढचं काम केलं. त्याबद्दल मला कुणी फसवलं असं म्हणता येणार नाही.

तुलनेसाठी दुसरं गाव हवं होतं. प्राध्यापकांनी विचारलं, "तुझं गाव?" मी हो म्हटलं. मला वाटलं, आमचं तसं नाही. तिकडची माणसं लपून राहतात. आमच्या आजोबांनी छप्पन सालानंतर उघड, सगळ्यांच्या देखत धर्म बदलला, मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, आणि वस्तीच्या तोंडाशी विहार बांधला. आम्हाला लपवायचं काय? उलट जगाने हे बघावं. मला त्या वाटण्याचा अभिमान होता. आजही थोडा आहे, तीच अडचण आहे.

हरभरा काढणीला आला असताना मी टॅबलेट घेऊन गावी आले. बाबा माझ्याबरोबर घरोघर फिरले. त्यांनी गावातल्या अर्ध्या लोकांना शिकवलेलं, त्यामुळे दारं आपोआप उघडत. मी प्रत्येक घराला नंबर देत गेले. कोणाचं घर, आडनाव काय, आधीचं आडनाव काय, आजोबा काय काम करत, जमीन कुठे, पाणी कोणत्या विहिरीचं. पाटलांच्या ओसरीवरही चहा मिळाला. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी तर आमच्या वस्तीतली जुनी नावं आमच्यापेक्षा भराभर सांगितली. कोणाचा आजा कोणाच्या दारात यायचा, काय घेऊन जायचा. ते प्रेमाने सांगत होते. मी लिहून घेत होते. माझे बाबा मात्र त्या ओसरीवर एकदाही बोलले नाहीत.

आमच्या वस्तीत एकाच घराने नकार दिला. बाबांची चुलतबहीण, आम्ही तिला आत्या म्हणतो. नवरा गेल्यापासून ती माहेरच्या घरात एकटी राहते. तिने टॅबलेट हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"याच्यात आमचं घर हाय?"

"हो आत्या. हे बघ, हा चौकोन."

"अन् मी मेल्यावर?"

"मेल्यावर म्हणजे?"

"मी मेल्यावर हा चौकोन कोन पुसन?"

मी हसले. म्हटलं, हे इतिहासासाठी आहे, पुसायचं कशाला. तिने टॅबलेट माझ्या हातात परत दिला. "मंग माह्यं नाव नको टाकू. तुले टाकाचंच असन तं रिकामी जागा म्हणून टाक."

मी तिचं ऐकलं, रिकामी जागा म्हणून टाकलं. पण शेजारच्या घरी गेले तेव्हा तिथल्या काकूंनी आत्याचं सगळं सांगितलं आणि मी ते त्यांच्या नोंदीत लिहून घेतलं.

ते शेजारचं घर माझ्या चुलतकाकांचं. नंबर सतरा. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, अकोल्याला एका औषध कंपनीच्या गोदामात कारकून आहे. माझ्याहून चार वर्षांनी लहान, लहानपणी माझ्या मागे मागे वाशिमपर्यंत आलेला. त्याने राजपत्रात आडनाव बदलून घेतलं होतं. नवं आडनाव असं की ऐकून काहीच कळू नये. काकू कौतुकाने सांगत होत्या.

"तीन खोल्याचं घर हाय त्याचं, भाड्याचं हाय पन चांगलं हाय. मालक लय सोवळ्यातले, पन याच्यावर जीव हाय त्याहिचा. हे पाय," आणि त्यांनी मोबाइलमधला पत्ता काढून दाखवला.

आमच्या नकाशात गाव सोडून गेलेल्यांसाठी एक सोय होती. जुन्या घरापासून नव्या घरापर्यंत तुटक रेषा काढायची. जपानच्या नकाशात तशा शेकडो रेषा होत्या, त्या फार सुंदर दिसत. मी सतरा नंबरच्या घरातून रेषा काढली, मालेगाव, पातूर पार करत अकोल्याच्या त्या गल्लीपर्यंत नेली, आणि टोकाला नवं आडनाव टाकलं. काकूंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "वा!"

परत गेले तेव्हा विभागाचा बोळ अजून रिकामा झाला होता. थोड्याच महिन्यांत कळलं की विभागच राहणार नाही. जपान, चीन, भारत सगळं मिळून एक 'आशिया' होणार आणि तेही वेगळ्या इमारतीत. प्राध्यापकांना दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जागा मिळाली. जाताना त्यांनी आमचे दोन्ही नकाशे, माहितीच्या संचासकट, इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक साठ्यात ठेवले. निधी देणाऱ्यांची अटच तशी होती. कुणालाही उतरवून घेता यावं, तपासता यावं, पुढे वापरता यावं. मला त्यांनी सहीसाठी कागद पाठवला. मी सही केली. जपानी बाईंची पातळी बंद आहे ना, एवढं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, आहे, प्रदर्शनात बंद आहे.

प्रदर्शनात, म्हणजे पडद्यावर दिसणार नाही, पण संच उतरवून घेणाऱ्याला मिळेल. मी तो शब्द वाचला आणि पुढे गेले.

माझी मुदत संपली. मी गावी परतले. आता घरच्या पुढच्या खोलीतून पुण्या-बंगळुरूच्या मुलांना ऑनलाइन जपानी शिकवते. बाबांना बरं वाटलं. आई म्हणाली, "बरं झालं आली. तिकडं राहून राहून तू हळू बोलाले लागली होती."

पावसाळा संपून सोयाबीन काढणी सुरू होती. दुपारी अकोल्याहून चुलतभावाचा फोन आला. एरवी तो काही मागायचं असलं की हसत फोन करायचा. त्या दिवशी हसला नाही.

"ताई, एक इचारू का?"

"विचार ना."

"आमचे मालक आज जिन्यात भेटले. म्हणे, तुमी किन्हीराजाकडले ना? मी म्हटलं, हो. म्हणे, आजोबा विहिरीच्या पलीकडे राहायचे ना? ताई, मी त्याहिले गावाचं नावसुद्धा कधी सांगतलं नोतं."

मी उठून दार लोटून घेतलं.

"मंग त्याहिनं आपलं जुनं आडनाव घेतलं. नुसतं घेतलं, बाकी काही नाही. हसून घेतलं."

"त्यांना कुणी सांगितलं असेल..."

"त्याहिच्या पोरानं आमच्या गल्लीचं नाव टाकून पाह्यलं तं थे निघालं, मोबाइलवर दाखवलं मले. आपलं घर हाय त्याच्यात. तिथून एक रेघ निघते अन् थेट आमच्या जिन्यापर्यंत येते. खाली तुह्यं नाव हाय. तूच काढलं का थे?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. "मले वाटलं दुसऱ्या कोनी तुह्यं नाव टाकलं."

त्याच दुपारी मी साठ्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, प्राध्यापकांना लिहिलं. साठ्याकडून यंत्राने पाठवलेली पोच आली. प्राध्यापकांचं उत्तर तीन दिवसांनी आलं, फार मायेने लिहिलेलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी त्या रेषा बंद करायला लावल्या, आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं की आजपर्यंत ज्यांनी संच उतरवून घेतला त्यांच्याकडून तो परत मागता येत नाही, आणि ते कोण हे साठा सांगत नाही. त्यांच्या माहितीप्रमाणे दोन-तीन ठिकाणी तो कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला शिकवण्यासाठीही वापरला जात होता. शेवटी लिहिलं होतं की या विषयावर आपण दोघांनी मिळून एक लेख लिहायला हवा.

दिवाळीआधी भावाच्या मालकांनी त्याला खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. त्यांचा थोरला मुलगा पुण्याहून परत येणार होता म्हणे. त्यांनी भावाच्या मुलांना फराळाचा डबा दिला. भांडण झालंच नाही. काकूंना हे कळलं तेव्हा त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"मीच तं पत्ता देल्ला तुले," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं देल्ला."

आईने त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला आणि गेल्या.

मी बाबांना म्हटलं, मला सगळ्यांना सांगायचंय. त्यांनी पायात चपला घातल्या. आम्ही पुन्हा घरोघर फिरलो. या वेळी टॅबलेट नव्हता. प्रत्येक दारात मी तेच सांगत होते. तुमचं घर, तुमचं जुनं नाव, तुमची गेलेली मुलं, हे सगळं बाहेर आहे. मी बंद करायला लावलंय, पण ते पुसता येत नाही. काहींनी हसून नेलं. "आमचं कोन पाह्यते, पोरी?" काहींनी ऐकून घेतलं आणि लगेच आत जाऊन कुणाला तरी फोन लावला. एका घराची कडी आम्ही दारात असतानाच आतून लागली. पाटलांचे म्हातारे बाबा म्हणाले, "त्यात वाईट काय? जे होतं थे होतं." माझे बाबा पहिल्यांदाच त्या ओसरीवर बोलले. "तुमच्यासाठी होतं. आमच्या पोरायसाठी अजून हाय." म्हाताऱ्या बाबांनी चहा सांगितला, आम्ही थांबलो नाही.

आत्याकडे सगळ्यात शेवटी गेलो. मी तिला सांगितलं की तुझं नाव नाही, पण तुझी माहिती शेजारच्या नोंदीत आहे, मीच लिहिली. ती तांदूळ निवडत होती.

"मंग आता काय कराचं म्हनतं?"

"माहीत नाही आत्या."

"तू येवढी शिकली," ती म्हणाली. रागाने नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

त्यानंतर महिन्याभराने, तुरीला शेंगा धरल्या होत्या तेव्हा, किन्हीराजाहून एक भाड्याची गाडी वस्तीत आली. एक परदेशी तरुणी, आणि तिच्याबरोबर नागपूरचा दुभाष्या. आई अंगणात होती. दुभाष्याने नमस्कार केला आणि मोबाइलमध्ये बघत विचारलं, "सतरा नंबरचं घर कोणतं?"

आमच्या वस्तीत घरांना नंबर नाहीत. ते नंबर फक्त माझ्या नकाशात आहेत.

"काहून पायजे?" आईने विचारलं.

मी शिकवणी अर्धी सोडून बाहेर आले. माझं नाव कळताच त्या मुलीचा चेहरा उजळला. तिने हात जोडले. ती दुसऱ्याच एका विद्यापीठातली होती. तिथेही जपान-अभ्यासाचा विभाग आटत चालला होता, आणि तिच्या गुरूंनी तिला सांगितलं होतं की नुसत्या जपानवर काम करू नकोस. तिने आमचा संच उतरवून घेतला होता, रेषा बंद व्हायच्या आधीच. तिला रेषांच्या दोन्ही टोकांच्या माणसांच्या मुलाखती हव्या होत्या. ती माझ्याशी सुरेख जपानीत बोलत होती, जुन्या वळणाचे शब्द वापरत. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याशी तसं बोलत होतं, आणि तेवढ्यातही मला ते ऐकायला आवडत होतं, हे लिहून ठेवायला हवं.

मी तिला सगळं सांगितलं. घर सोडावं लागलेल्या माणसाचंही सांगितलं, कोण ते न सांगता. ती ऐकताना गंभीर झाली, तिचे डोळे भरले. तिने वही काढली. "हे फार महत्त्वाचं आहे," ती म्हणाली आणि लिहू लागली.

"हे लिहू नकोस," मी म्हटलं.

तिने पेन थांबवलं. वही मिटली नाही.

आईने पाणी दिलं. दुभाष्याने मोबाइलवरच्या चौकोनाशी ताडून काकूंच्या घराकडे पाहिलं. पुढचं दार बंद होतं, काकू मागच्या बाजूला होत्या. मुलीने अवघडून, माफी मागत, एकच विचारलं. सतरा नंबरमधून जी रेषा जाते, तिच्या टोकाला आता ते नाव राहत नाही असं तिला अकोल्यात कळलं होतं. म्हणजे ती आधी तिथे जाऊन आली होती. "तो आता कुठे राहतो?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

हे खरं होतं. भावाने नवं घर घेतलं तेव्हा त्याने पत्ता आम्हाला सांगितला नाही. त्याच्या आईलाही सांगितला नाही. शहर तेच आहे की बदललं, तेही नाही. त्याचा फोन लागतो, तो बोलतो, मुलं कशी आहेत ते सांगतो, आणि मागे रस्त्याचा आवाज आला की मध्येच म्हणतो, "ठेवतो ताई."

ती मुलगी गाडीत बसली. गाडी वळताना तिने वस्तीकडे मोबाइल धरला होता. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिने हळू आवाजात विचारलं, "अजून किती जन येतीन?"